तीस फुटांवरचा अँटिना

हरिचंद राठोडला उंचीची भीती कधीच वाटली नाही. लहानपणी तो मोहाच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत चढायचा आणि खाली त्याची याडी, म्हणजे आई, हाका मारून दमायची. पुढे याच गुणावर त्याला काम मिळालं, तालुक्यात नाव झालं. आणि याच गुणापायी तो एकदा असा फसला, की अख्ख्या तांड्याचा फोन हातचा जायची वेळ आली.

त्याचा बोरदरी तांडा कळमनुरी तालुक्यातला, वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर. फाट्याकडून येणारा कच्चा रस्ता माळावरून सरळ येतो आणि मग एकदम खाली उतरतो. त्या खोलगटात पन्नासेक घरं. माळावर उभं राहिलं तर तांड्यातले सगळे पत्रे चमकताना दिसतात. तांड्यात उभं राहिलं तर आभाळाशिवाय काही दिसत नाही. बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेल्या बापजाद्यांनी पाणी आणि वाऱ्याचा आडोसा पाहून ही जागा धरली होती. रेंज नावाची गोष्ट पुढे येणार आहे, हे त्यांना कोण सांगणार?

नव्वद सालच्या आसपास कळमनुरीत व्यंकटरावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. व्यंकटरावांचा हात दुरुस्तीत चांगला, पण अंग जड. छपरावर चढायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. एका बाजाराच्या दिवशी हरिचंद दुकानासमोर उभा राहून टीव्ही बघत होता. व्यंकटरावांनी त्याला सहज विचारलं, "शिडीवर चढशील का रे?" हरिचंद शिडी न लावताच चढला. त्या दिवसापासून आठ-नऊ वर्षं तो गावोगाव छपरांवर अँटिने बसवत फिरला.

तेव्हा टीव्हीवर चित्र कमी आणि मुंग्याच जास्त दिसायच्या. हरिचंद छपरावर पाइप धरून उभा, घरातली सगळी माणसं पडद्यासमोर, आणि दारात एक जण निरोप्या. "आलं, आलं. गेलं. मागं घ्या, मागं." हरिचंद पाइप एकेक बोट फिरवायचा. चित्र जिथे थांबेल तिथे खडूने खूण करायचा. बोटाबोटाने फिरवूनही मुंग्या हटल्या नाहीत, तर त्याच्याकडे एक हुकमी उपाय होता. पाइपाला पाइप जोडायचा, वायरीला वायर जोडायची आणि अँटिना आणखी वर न्यायचा. हा उपाय व्यंकटरावांनीच शिकवलेला. "चित्र न्हाई आलं तर उंची वाढव," ते म्हणायचे. नऊ वर्षांत हा उपाय एकदाही वाया गेला नाही. त्यामुळे तो हरिचंदच्या डोक्यात असा बसला, की त्याच्याबद्दल वेगळा विचार करायची गरजच त्याला कधी पडली नाही.

मग गावात केबल आली, छपरांवर डिशच्या छत्र्या आल्या. हरिचंदचं काम हळूहळू बंद पडलं. उरलेले पाइप, वायरीची वेटोळी, नटबोल्टांचा डबा असं सगळं त्याने घरी आणून माळ्यावर टाकलं आणि तो आपल्या तीन एकरांत ज्वारी-सोयाबीन करू लागला. बायको जिवनबाई त्या अडगळीवरून अधूनमधून टोमणा मारायची. "ह्या नळ्या कवा पिकणार हायेत?" ती विचारायची. हरिचंद वावराची वाट धरायचा.

दोन हजार पाच साली तांड्यात फोन आला. तांड्याचे नाईक उत्तमसिंग दोन वर्षं तालुक्याला खेटे घालत होते. दसरा झाला की तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला जायची, ती होळीलाच परतायची. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आपल्या लेकरांची खबर घ्यायची तर फाट्यावरच्या एसटीडीपर्यंत दोन कोस चालत जावं लागे. अखेर फोनच्या ऑफिसने बिनतारी फोन मंजूर केला. दिसायला नेहमीच्या टेबलावरच्या फोनसारखाच. आत बॅटरी, मागे बोटभर लांबीची काळी दांडी, आणि समोरच्या छोट्या काचेवर रेंजच्या चार कांड्या.

तो ठेवायचा कोणाकडे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तांड्यात अँटिन्यातलं कळणारा माणूस एकच होता. ऑफिसकडून आलेल्या मिस्त्रीने हरिचंदच्या पत्र्यावर हात-दोन हात उंचीचा पाइप ठोकला, त्यावर पाच काड्यांचा अँटिना फाट्याकडे तोंड करून बसवला, तिथून जाड काळी वायर खाली आणली, फोनची दांडी काढून तिच्या जागी ती वायर बसवली आणि सांगितलं, "आता याला हात लावायचा नाही." सकाळी तीन कांड्या दिसायच्या. दुपारी ऊन चढलं की दोन. बोलताना मधूनच आवाज तुटायचा, पण बोलणं व्हायचं.

हरिचंदला ते 'मधूनच तुटणं' सहन होईना. मिस्त्री पोरसवदा होता. त्याने अँटिना पत्र्याच्या जेमतेम दोन हात वर नेला होता. आणि त्या वर्षी हरिचंदचा मुलगा सुदाम सुनेला घेऊन पहिल्यांदाच ऊसतोडीला निघाला होता, लांब कर्नाटकाच्या सरहद्दीकडे.

"रविवारी कारखान्यावर बाजार असतो," सुदाम निघताना म्हणाला. "दर रविवारी फोन लावीन, बापू."

"लाव," हरिचंद म्हणाला. "तवर मी चार कांड्या करून ठेवतो."

ट्रक गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने माळ्यावरचा माल खाली काढला. अंगणात खड्डा घेतला, पाइपाला पाइप जोडून वीस फुटांचा खांब उभा केला, तारांचे ताण दिले आणि अँटिना त्याच्या टोकाला नेला. काळी वायर तेवढी लांब नव्हती. त्याने ती मधोमध कापली आणि मध्ये केबलवाल्यांकडून उरलेली वायर घातली. दोन्हीकडे तांबं पिळून त्यावर चिकटपट्टी लावली. टीव्हीच्या काळात असे शेकडो जोड त्याने दिले होते.

घरात फोनपुढे जिवनबाई बसली होती. तिला वाचता यायचं नाही, पण कांड्या मोजता यायच्या.

"किती?" खांबावरून हरिचंदने विचारलं.

"एक."

"नीट बघ."

"एकीला काय नीट बघायचं? एकच हाय."

त्याने अँटिना डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, खडूच्या खुणा केल्या. एकीच्या दोन झाल्या नाहीत. मग त्याने तेच केलं जे तो नेहमी करायचा. आणखी एक पाइप जोडला, आणखी वायर जोडली, आणि आठवड्याभरात खांब तीस फुटांवर गेला.

तांडा त्या खांबावर खूश झाला. खोलगटात असूनही तो माळावरून दिसायचा, पार रस्त्यावरून दिसायचा. काळी-पिवळी जीपवाले त्या वळणाला 'अँटिन्याचा तांडा' म्हणू लागले. शेजारच्या मोठ्या गावातल्या संतराम पाटलांना उत्तमसिंग नाईक मुद्दाम हात करून दाखवत. "असा खांब तुमच्या गावात हाय का, पाटील?" पाटील म्हणत, "खांब हाय बाबा, पण तुमचा फोन लागत न्हाई." आणि ते खरंच होतं. तीस फुटांवर गेल्यावर ती एक कांडीसुद्धा येई न येई अशी झाली. रविवारी अंगणात म्हाताऱ्या माणसांचा घोळका बसायचा. फोन मुका. बसून बसून माणसं उठून जायची.

हरिचंद कारणं शोधत राहिला. कधी तो म्हणायचा फाट्याकडचा टॉवर बिघडलाय, कधी हवा दमट आहे, कधी माळावरची सागाची झाडं आडवी येतात. पहाटे उठून तो खांबावर चढायचा आणि अँटिना गव्हाच्या दाण्याएवढा इकडचा तिकडे करायचा. रेंज गेली याचं त्याला वाईट वाटत होतं. पण त्याहून जास्त सलत होतं ते हे, की आपण केलेलं काम चालत नाही आणि ते का चालत नाही हे आपल्याला कळत नाही.

डिसेंबर लागला आणि नाईकांच्या हाती ऑफिसचं पत्र आलं. ते त्यांनी हरिचंदच्या अंगणात उभं राहून वाचून दाखवलं. बोरदरी येथील फोनचा गेल्या महिन्यात वापर दिसत नाही. पंधरा तारखेस गुरुवारी पाहणी होईल. फोन चालत नसल्यास तो काढून, ज्या गावाने मागणी केली आहे त्या गावास दिला जाईल.

"पाटलानं मागितला असंल," जिवनबाई म्हणाली.

"मागितला तर मागितला. आपला चालत असता तर कोणी नेला असता काय?" नाईक म्हणाले. मग ते हरिचंदकडे वळले. "हरिचंद, दोन वर्सं चपला झिजवल्या मी ह्या डब्यासाठी. आठ दिवस हायेत."

"होतंय, नाईक. थोडी उंची अजून..."

"अजून किती? आता वर इमानं लागतील."

तो रविवारही कोरडा गेला. संध्याकाळी भिकाकाकी दारात येऊन टेकल्या. भिकाबाई जाधव म्हणजे तांड्याच्या वरच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या विधवा. त्यांचा मुलगा विकास सुदामच्याच टोळीत होता. फोन मुका म्हणून त्या सकाळीच निघाल्या, फाट्यावर चालत जाऊन, कारखान्याजवळच्या बूथवर फोन लावून, मुलाशी बोलून परत आल्या होत्या. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"सुदाम बोलला माझ्यासंग," त्या म्हणाल्या. "बरा हाय. सूनबी बरी हाय."

जिवनबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "अजून काय म्हणला?"

"म्हणला, चार रविवार झाले, लाइनीत उभा राहतो, फोन लावतो, अन् ती बाई बोलते, संपर्काच्या बाहेर हाय म्हणून. मला इचारून राहिला, काकी, फोन बंद पडला का बापूच पडलेत आजारी? मी म्हणलं, तुझा बाप चांगला खांबावर चढून बसलाय." त्या हसल्या, पाणी प्यायल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "हरिचंद, मला आता दर रविवारी चार कोस होणार न्हाई रे. तेवढं बघ."

त्यांनी रागाने काही म्हटलं असतं तर हरिचंदला बरं वाटलं असतं. रागाला त्याच्याकडे उत्तरं होती. टॉवर होता, हवा होती, साग होता. पण काकी चढ चढून दिसेनाशा होईपर्यंत तो त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिला.

सोमवारी सकाळी त्याने खांबाकडे पाहिलंही नाही. घरात फोनपुढे बसला आणि त्याच्या मनात आलं की आजवर आपण फक्त अँटिना हलवला, फोन कधी हलवला नाही. टीव्ही काही कोणी उचलून छपरावर नेत नसे. पण हा फोन हलका होता, आत बॅटरी होती. त्याने मागची वायर सोडवली. मिस्त्रीने काढून ठेवलेली बोटभर दांडी नटबोल्टांच्या डब्यात होती, ती शोधून जागेवर बसवली. घरात एकही कांडी नव्हती. फोन काखेत मारून तो पत्र्यावर चढला, पाय सावरून उभा राहिला आणि काचेत पाहिलं.

दोन कांड्या.

त्याला वाटलं, आपण चुकीचं बघतोय. त्याने जिवनबाईला हाक मारली. ती शिडीच्या चार पायऱ्या चढून आली.

"किती दिसतात?"

"दोन."

"खांब न्हाई, वायर न्हाई. नुसती दांडी. तरी दोन?"

"मग त्या खांबावर काय हाय?" जिवनबाईने विचारलं.

हरिचंद पत्र्यावरच खाली बसला. बोटभर दांडीला इथे दोन कांड्या मिळतात, तर पाच काड्यांच्या अँटिन्याला तीस फुटांवर चार मिळायला हव्यात. वर त्या मिळतही असतील. मग त्या खाली का पोचत नाहीत? अँटिना आणि फोन यांच्यामध्ये एकच वस्तू होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने घातली होती.

त्याच दुपारी तो कळमनुरीला गेला. व्यंकटरावांच्या दुकानात आता टीव्ही नव्हते. काचेच्या कपाटात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. व्यंकटराव आणखी जाड झाले होते आणि चष्म्यातून एका फोनचं पोट उघडून बघत होते. हरिचंदने सगळं सांगितलं. सांगताना त्याची नजर कव्हरांवर होती.

"मधी काय जोडलंस म्हणलास?" व्यंकटरावांनी चष्मा काढला.

"केबलची वायर, मालक."

"किती?"

"दोन खेपेला मिळून चाळीस फूट असंल."

"अन् जोड कसे दिलेस?"

"पिळून. वरून पट्टी."

व्यंकटराव पोट धरून हसले. हसणं आटोपल्यावर त्यांनी त्याला स्टूल दिलं. "हरिचंद, शेतात पाइपानं पाणी देतोस ना? इंजिनापासून वावर लांब असलं, अन् मधी आठ-दहा जोड ढिले असले, तर शेवटाला काय येतं?"

"थेंब."

"हे तसंच समज. टीव्हीचं काम मोठ्या धारेचं होतं, थोडं गळलं तरी भागायचं. ह्या फोनची धार लई बारीक. वायर लांबली की वाटेतच जिरते, अन् उघडा जोड आला की तिथंच सांडते. तुझा अँटिना वर झकास चालून राहिला असंल. तू चाळीस फुटांत सगळं सांडून ठेवलंस. वायर जेवढी आखूड तेवढं बरं."

"तुमीच शिकवलं होतं, उंची वाढव म्हणून," हरिचंद हळूच म्हणाला.

"व्हय, शिकवलं. पण मी टीव्हीचं शिकवलं होतं बाबा. फोन तवा मलाबी कुठं माहीत होता?" मग ते गंभीर झाले. "त्यांची काळी वायर कापलीस, हे बराबर न्हाई केलंस. तसली वायर मिळायची तर नांदेडला, अन् तिथंबी लगेच मिळंल असं न्हाई. गुरुवारी साहेब येणार म्हणतोस. जा, ते दोन तुकडे घेऊन ये. मी एकच जोड देतो, कथील लावून, वायरीतली तारांची जाळी बराबर गुंडाळून. जोड दिसंल पण सांडणार न्हाई."

मंगळवारी हरिचंदने वायर सोडवून कळमनुरीला नेली आणि सांधून आणली. बुधवारी सकाळी त्याने खांब उतरवायला घेतला. एकट्याला ते जमणारं नव्हतं. ताण सोडताना दोन-चार माणसं लागतात. म्हणून तांडा जमला. आणि जमलेल्या तांड्याला, का उतरवतोस, हे सांगणं आलं.

"मीच बिघडवला होता," तो म्हणाला. "टॉवरला काही झालेलं न्हाई. मी उंची वाढवली, वायर लांबवली, तिच्यात रेंज जिरून गेली. पहिल्यांदा होता तेच बराबर होतं."

नाईक अस्वस्थ झाले. "अरे, पण खांब राहू दे ना उभा. अँटिना खाली घे. रस्त्यावरून दिसतो, बरा वाटतो. पाटील काय म्हणंल?"

"खांब बोलतो व्हय, नाईक?" भिकाकाकी म्हणाल्या. "फोन बोलला पाहिजे. धरा दोर."

खांब आडवा झाला. हरिचंदने मिस्त्रीच्या जुन्या पाइपावर, पत्र्यापासून दोन हातांवर, अँटिना बसवला. पहिल्या वेळी मिस्त्रीने जी दिशा दिली होती तीच दिली. व्यंकटरावांनी सांधलेली वायर खाली आणून फोनला लावली. जिवनबाईने आतून तीन बोटं दाखवली. नाईकांनी लगेच हिंगोलीत आपल्या मेहुण्याला फोन लावला आणि सोयाबीनचा भाव विचारला. भावाची त्यांना काही गरज नव्हती. आवाज एकदाही तुटला नाही.

पण त्या जोडाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. काळ्या वायरीच्या मधोमध अंगठ्याएवढी गाठ दिसत होती.

"उंदरानं तोडली म्हणू," नाईक म्हणाले. "मी बोलतो साहेबासंग. तू गप राहा."

हरिचंदने मान डोलावली. त्यालाही ते सोपं वाटलं. मिस्त्रीने, हात लावायचा नाही, असं बजावलं होतं, आणि त्यानेच ती वायर विळ्याने कापली होती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला साहेब आले. हिंगोलीच्या ऑफिसातले, मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी फोनची काच पाहिली, तीन कांड्यांची नोंद केली, ऑफिसला फोन लावून पाहिला. नाईकांचा चेहरा खुलला. मग साहेब वायर बघत बघत पत्र्याच्या कडेला आले आणि त्यांचं बोट त्या गाठीवर थांबलं.

"हे काय?"

"उंदीर, साहेब," नाईक म्हणाले. "इकडं लई उंदीर. महिनाभर त्याच्यामुळंच बंद होता. मग आमी सांधली."

साहेबांनी चिकटपट्टीची कड नखाने उचलली, खाली पाहिलं आणि पुन्हा दाबून बसवली. "उंदीर कुरतडतो. हे सरळ कापलेलं आहे." त्यांनी वही मांडीवर घेतली. "फोन आता चालतोय, ते ठीक. पण उपकरणात कापाकाप झाली आहे आणि खरं कोणी सांगत नाही. वस्तीतले लोक उपकरण नीट सांभाळत नाहीत, असं मला लिहावं लागेल. पुढे काय करायचं ते वरचे ठरवतील. दुसऱ्या गावाची मागणी आहेच."

एका ओळीत पन्नास घरांवर ठपका येणार होता. हरिचंदने भिंतीला टेकलेली पाठ सोडली आणि पुढे आला.

"वस्ती न्हाई, साहेब. मी कापली."

"काहून बोलतोस..." नाईकांनी त्याचा दंड धरला.

"राहू द्या, नाईक." हरिचंदने साहेबांच्या वहीकडे पाहिलं. "मी पयले टीव्हीचे अँटिने बसवायचो. मला वाटलं, उंच केला तर रेंज वाढंल. म्हणून वायर कापून लांबवली. रेंज गेली. महिनाभर मला कळलंच न्हाई काहून गेली ते. ह्या लोकांना मी टॉवर खराब हाय म्हणून सांगत होतो. त्यांनी फोनला बोटबी लावलेलं न्हाई. माझं नाव लिवा. हरिचंद मंगू राठोड."

साहेबांनी पेन उचललं नाही. "किती उंच केला होता?"

"तीस फूट."

साहेब बाजूला आडव्या पडलेल्या खांबाकडे बघत राहिले. "आणि खाली घ्यायचं कोणी सांगितलं?"

"फोन घेऊन पत्र्यावर गेलो. दांडीनं दोन कांड्या दिल्या. मग समजलं."

साहेब थोडा वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी जे लिहिलं ते वाचून दाखवलं. वापरकर्त्याने अजाणता वायर कापली. दोष दूर केला आहे. नवी वायर द्यावी. फोन बोरदरी तांड्यातच ठेवावा. इथे ते थांबले. "पण नियमाप्रमाणे ज्याने कापाकाप केली त्याच्या घरी उपकरण ठेवता येत नाही. तांड्यात दुसरं घर सांगा. दिवसभर कोणीतरी घरी असलेलं."

सगळ्यांच्या माना भिकाकाकींकडे वळल्या. काकी म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतं?"

"कांड्या मोजता येतात का?" साहेबांनी विचारलं.

"जिवनला येतात, तर मला काहून येणार न्हाई?"

त्याच दुपारी हरिचंदने आपल्या पत्र्यावरचा पाइप उपटला. फोन, वायर, अँटिना सगळं त्याने स्वतः भिकाकाकींच्या घरी नेलं. त्यांचं घर चढावर होतं. त्याने अँटिना पत्र्यापासून जेमतेम सुटेल एवढ्याच उंचीवर ठेवला आणि वायरीचं एकही वेटोळं शिल्लक न ठेवता ती सरळ खाली घेतली. काकींनी चष्मा लावून काच पाहिली आणि म्हणाल्या, "तीन पुऱ्या हायेत, अन् चौथी अर्धवट." संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा ज्या कोनाड्यात फोन असायचा तिथे जिवनबाईने तेलाची बाटली ठेवलेली होती.

रविवारी जेवणं उरकून जिवनबाईने नवं लुगडं नेसलं. इतके दिवस लोक तिच्या अंगणात येऊन बसत होते. आता तिला दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसायचं होतं. हरिचंद नको म्हणत होता. "तू जा, मी वावरात जाऊन येतो," तो म्हणाला.

"वावर कुठं पळून चाललंय? चला."

भिकाकाकींच्या ओट्यावर दहा-बारा माणसं होती. हरिचंद सगळ्यांच्या मागे, बाभळीच्या सावलीत बसला. कोणी त्याला चिडवलं नाही. एका म्हाताऱ्याने तंबाखूची चिमूट पुढे केली. आधी विकासचा फोन आला. काकी मोठ्याने बोलल्या, जणू त्यांना कर्नाटकापर्यंत स्वतःच आवाज पोचवायचा होता. मग दोन घरांचे आले. मग काकींनी दारातून हाक मारली, "हरिचंद, सुदाम हाय."

जिवनबाईने त्याला पुढे ढकललं. त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"बापू?"

"व्हय."

"एका दमात लागला आज. तुमी लई बराबर ऐकू येऊन राहिले. काय केलं?"

"खाली घेतला."

"अँटिना? खाली घेतला अन् रेंज वाढली?"

"व्हय. माझंच चुकलं होतं."

पलीकडे सुदामच्या मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. "मग काकी सांगत होत्या त्या खांबाचं काय केलं?"

"तुझ्या याडीनं त्याच्यावर गोधड्या वाळू घातल्यात."

सुदाम हसला. ते हसणं इतकं जवळून आलं, की हरिचंदने रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला. मग तो जिवनबाईच्या हातात देऊन बाजूला झाला. ओट्यावरून खाली उतरताना त्याने सवयीने वर, अँटिन्याकडे पाहिलं. सगळं ठीक होतं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो परत सावलीत जाऊन बसला.